बिगर नेट-सेट: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बदलत्या नियमांत सापडलेली एक नेमणूक

प्रकरणाची व्याप्ती

महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात १९९३ साली नेमणूक झालेल्या, पण नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही अध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या इतिहासाच्या अध्यापिकेच्या सेवेचे हे प्रकरण आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून व्यक्ती, संस्था, विद्यापीठ आणि जिल्हा यांची नावे वगळली आहेत. घटनाक्रम सेवापुस्तक, मान्यतेची पत्रे आणि सहसंचालक कार्यालयाशी (राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचे विभागीय कार्यालय) झालेला पत्रव्यवहार यांवरून मांडला आहे. एका व्यक्तीच्या सेवेची कागदपत्रे वाचताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तीन दशकांच्या नियमावलीचा इतिहासच समोर येतो, आणि आयोगाने ठरवलेला दर्जा, विद्यापीठाने दिलेली मान्यता व राज्याने दिलेला पगार या तिन्हींचा मेळ बसला नाही की त्याचा भार कोणावर पडतो, हेही स्पष्ट दिसते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे.

आयोगाची घडण आणि त्याच्या हातातील साधन

हे प्रकरण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४४ च्या सार्जंट अहवालातील शिफारशीनुसार १९४५ मध्ये विद्यापीठ अनुदान समिती स्थापन झाली, तेव्हा तिचे काम अलीगढ, बनारस आणि दिल्ली या तीन विद्यापीठांपुरते होते. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ब्रिटनमधील अनुदान समितीच्या धर्तीवर, पूर्णवेळ अध्यक्ष असलेली यंत्रणा उभारावी असे सुचवले. मौलाना आझाद यांच्या हस्ते २८ डिसेंबर १९५३ रोजी आयोगाचे औपचारिक उद्घाटन झाले आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिलेले चिंतामणराव देशमुख आयोगाचे अध्यक्ष झाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेला माणूस विद्यापीठांच्या अनुदानाचे काम पाहू लागला, ही नेमणूक त्या संस्थेच्या मूळ स्वरूपाला साजेशीच होती.

कायद्याने आयोगाकडे दोन कामे दिली: अनुदान वाटणे आणि अध्यापन, परीक्षा व संशोधनाचा दर्जा ठरवून तो राखणे. मात्र नियम मोडणाऱ्या विद्यापीठाविरुद्ध जे साधन कलम १४ ने दिले, ते एकच होते. विद्यापीठाने दिलेले कारण पटले नाही, तर आयोग त्याचे अनुदान रोखू शकतो. महाविद्यालयातील एखादी नेमणूक आयोग स्वतः रद्द करू शकत नाही, पगार थांबवू शकत नाही आणि संस्थेच्या निवड समितीला जाबही विचारू शकत नाही. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतील वेतनाचा भार राज्य शासन उचलते. त्यामुळे पात्रता ठरवणारा एक, नेमणूक करणारा दुसरा, मान्यता देणारा तिसरा आणि पगार देणारा चौथा, अशी रचना तयार झाली. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, पण उच्च शिक्षणातील दर्जाचा समन्वय त्याआधीपासूनच केंद्राच्या सूचीत होता. या रचनेत त्याने विशेष फरक पडला नाही.

राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, १९८९ मध्ये सुरू झाली. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमावलीने अधिव्याख्याता पदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट, किंवा आयोगाने मान्य केलेली राज्यस्तरीय परीक्षा, अशी किमान अर्हता ठरवली. त्याच नियमावलीत एक परंतुकही होते: आयोगाची पूर्वमान्यता घेऊन विद्यापीठाला एखाद्या बाबतीत अर्हता शिथिल करता येईल. या परंतुकाकडे नंतर कोणी फारसे पाहिले नाही. या प्रकरणात मात्र ते महत्त्वाचे ठरले असते.

नेमणूक

१९९३ च्या उन्हाळ्यात संस्थेने इतिहासाच्या पूर्णवेळ पदाची जाहिरात दिली. जाहिरातीत ‘विद्यापीठ व शासनाच्या नियमांनुसार अर्हता’ एवढाच उल्लेख होता आणि नेटचे नाव नव्हते. कुलगुरूंचे नामनिर्देशित सदस्य व विषयतज्ज्ञ यांचा समावेश असलेली निवड समिती नियमाप्रमाणे बसली. आलेल्या अर्जदारांत नेट उत्तीर्ण असा एकही नव्हता, आणि समितीच्या इतिवृत्तात तशी नोंद आहे. परीक्षा सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती, उत्तीर्णांचे प्रमाण अल्प होते, आणि जे उत्तीर्ण होत त्यांना मोठ्या शहरांतील महाविद्यालये लगेच सामावून घेत. समितीने अध्यापिकेची निवड केली. एम. ए. ला त्यांना ५५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण होते आणि एम. फिल. चा प्रबंधिका-लेखनाचा टप्पा चालू होता.

विद्यापीठाने मान्यता दिली, पण ती कशी दिली हे पाहण्यासारखे आहे. मान्यतापत्रावर टंकलिखित मजकुराच्या खाली हाताने एक ओळ लिहिलेली आहे: ‘नेट/सेट उत्तीर्ण होण्याच्या अटीवर, केवळ चालू शैक्षणिक वर्षापुरती.’ अट किती दिवसांत पूर्ण करायची याचा त्या ओळीत उल्लेख नाही, आणि ती पूर्ण झाली नाही तर पुढे काय होणार याचाही नाही. पुढच्या वर्षी हीच ओळ जशीच्या तशी उतरवली गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही. महाविद्यालयाने मात्र सेवापुस्तक उघडले, वार्षिक वेतनवाढ दिली आणि सामान्य भविष्य निर्वाह निधीची कपात सुरू केली. कागदावर नेमणूक तात्पुरती होती, व्यवहारात ती कायम होती, आणि ही दुहेरी स्थिती कोणालाच अडचणीची वाटली नाही.

माझ्या मते हा पहिला आणि सर्वांत महागात पडलेला निर्णय. १९९१ च्या परंतुकाप्रमाणे विद्यापीठाने त्याच वेळी आयोगाला पत्र लिहून, ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही, या नेमणुकीपुरती अर्हता शिथिल करण्यास मान्यता मिळावी’ अशी विनंती केली असती, तर होकार किंवा नकार काहीतरी आले असते. नकार आला असता तर अध्यापिकेला वयाच्या एकतिसाव्या वर्षी दुसरा मार्ग शोधता आला असता. पत्र लिहिले गेले नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठ विरुद्ध राज सिंग या खटल्यात १९९१ ची नियमावली वैध ठरवली. त्याच निकालात, नियम न पाळल्यास विद्यापीठावर होणारा परिणाम म्हणजे अनुदान रोखले जाण्याची शक्यता, आणि त्या अर्थाने ही तरतूद शिफारशीच्या स्वरूपाची आहे, असेही न्यायालयाने म्हटले. अनेक विद्यापीठांनी या निकालातून आपल्याला सोयीचा भाग उचलला: नेमणुकीला मान्यता देत राहायचे, अट लिहीत राहायचे, आणि आयोगाला काही विचारायचे नाही.

अडचण कशी वाढत गेली

अध्यापिकेने एम. फिल. ची प्रबंधिका नोव्हेंबर १९९३ मध्ये सादर केली. बाह्य परीक्षकांची तारीख मिळण्यास विलंब झाल्याने मौखिक परीक्षा १९९४ च्या एप्रिलमध्ये झाली आणि पदवी त्यानंतर मिळाली. त्या वेळी या विलंबाला काही महत्त्व नव्हते. मात्र १९९५ मध्ये आयोगाने सूट जाहीर केली ती अशी: ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत ज्यांनी पीएच. डी. चा प्रबंध सादर केला आहे, किंवा जे एम. फिल. उत्तीर्ण झाले आहेत, त्यांना नेट आवश्यक नाही. पीएच. डी. साठी सादर करणे पुरेसे होते, एम. फिल. साठी उत्तीर्ण होणे आवश्यक होते. अध्यापिकेची प्रबंधिका मुदतीच्या आत विद्यापीठात जमा होती, निकाल मुदतीनंतरचा होता. महाविद्यालयाने सूट मागणारा अर्ज केला, आणि तो एका वाक्याच्या उत्तराने परत आला.

१९९५ पासून पुणे विद्यापीठाने महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांसाठी राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, म्हणजे सेट, घेण्यास सुरुवात केली. अध्यापिका या परीक्षेला बसल्या. त्या काळच्या पद्धतीत पहिल्या दोन वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकांत किमान गुण मिळाल्यासच तिसरी, वर्णनात्मक प्रश्नपत्रिका तपासली जाई. त्यांची तिसरी प्रश्नपत्रिका तपासली गेली, पण गुण कमी पडले. पुढेही काही वेळा त्यांनी प्रयत्न केले. कार्यभार पूर्ण, घरी लहान मूल, जवळच्या ग्रंथालयात संदर्भग्रंथांची टंचाई, ही कारणे त्यांनी स्वतः कोणत्याही अर्जात लिहिलेली नाहीत, आणि मीही ती सबब म्हणून मांडत नाही. एका ठरावीक परीक्षेत अपयश आले ही वस्तुस्थिती आहे. तितकीच दुसरी वस्तुस्थिती अशी की या सर्व काळात त्यांचे वर्ग चालू होते, उत्तरपत्रिका तपासल्या जात होत्या, आणि विद्यापीठ त्यांना परीक्षक म्हणून नेमत होते.

पाचव्या वेतन आयोगानंतर हा फरक पगारात दिसू लागला. त्यांची वेतनश्रेणी ८,०००-१३,५०० अशी झाली. नव्या योजनेप्रमाणे सहा वर्षांनंतर, एम. फिल. असल्यास पाच वर्षांनंतर, १०,०००-१५,२०० ही वरिष्ठ श्रेणी मिळायची होती. उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग त्यांनी पूर्ण केले होते. तरीही स्थाननिश्चितीचा, म्हणजे वरिष्ठ श्रेणीत बसवण्याचा, प्रस्ताव सहसंचालक कार्यालयातून ‘नेट/सेट अर्हता नसल्याने अमान्य’ असा शेरा घेऊन परत आला. या काळातील राज्याच्या धोरणाचा सारांश असा होता की, केवळ नेट-सेट नाही म्हणून सेवा संपवायची नाही, वार्षिक वेतनवाढ द्यायची, पण वरिष्ठ आणि निवड श्रेणी द्यायची नाही. वरकरणी हे धोरण सहानुभूतीचे दिसते. त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला की राज्याला अनुभवी अध्यापक कमी पगारात मिळत राहिले, आणि निर्णय करण्याची निकड कोणालाच उरली नाही.

समोर असलेले पर्याय

२००० साली, ४ एप्रिलला, नवी नियमावली आली आणि नेटची अट अधिक पक्की झाली. त्या सुमारास महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य, अध्यापिका आणि प्राध्यापक संघटनेचे जिल्हा प्रतिनिधी यांची बैठक झाली. त्या बैठकीची टिपणे फायलीत आहेत, आणि त्यात चार मार्गांचा विचार दिसतो.

पहिला मार्ग नेट किंवा सेट उत्तीर्ण होण्याचा. यात कोणाच्या मान्यतेची गरज नव्हती, पण उत्तीर्ण झाल्यावर सेवा कोणत्या तारखेपासून धरणार, मूळ नेमणुकीपासून की उत्तीर्ण झाल्याच्या तारखेपासून, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दुसरा मार्ग पीएच. डी. चा. आयोगाच्या अध्यापक शिष्यवृत्तीवर पूर्णवेळ संशोधन करता आले असते, मात्र सेवा ‘कायम’ नसल्याने महाविद्यालयाने नाव पाठवले नाही. ज्या सेवेचे कायमपण सिद्ध करण्यासाठी पदवी हवी होती, ती मिळवण्याची सवलत सेवा कायम नाही म्हणून नाकारली गेली. तिसरा मार्ग न्यायालयाचा होता. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे जाण्यात अडचण अशी होती की अध्यापिकेला कामावरून काढलेलेच नव्हते, त्यामुळे तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची हा प्रश्न होता. उच्च न्यायालयात एकटीने जाण्याचा खर्च पेलणारा नव्हता. चौथा मार्ग संघटनेसोबत राहून सामूहिक निर्णयाची वाट पाहण्याचा.

बैठकीत चौथा मार्ग स्वीकारला गेला. प्राचार्यांचे शब्द टिपणात आहेत: ‘मॅडम, तुम्ही एकट्या नाही, राज्यात असे शेकडो आहेत. शासनाला एक दिवस निर्णय घ्यावाच लागेल.’ हे म्हणणे खरे ठरले, पण तो दिवस यायला तेरा वर्षे लागली. त्या बैठकीत दुसऱ्या मार्गासाठी, म्हणजे नोकरी सांभाळून पीएच. डी. ची नोंदणी करण्यासाठी, आग्रह धरायला हवा होता असे मला वाटते. सामूहिक निर्णयाची वाट पाहणे आणि व्यक्तिगत पात्रता वाढवणे यांत विरोध नव्हता. पुढे २००२ च्या सुधारणेने नेटमधून सवलतीसाठी पीएच. डी. प्रबंध सादर करण्याची मुदत ३१ डिसेंबर २००२ पर्यंत नेली. म्हणजे या तारखा बदलत राहतात, हे तेव्हा सर्वांना दिसले.

२००६ ते २००९: उघडलेली खिडकी

जून २००६ मध्ये आयोगाने नियमावलीत पुन्हा सुधारणा केली. त्यानुसार संबंधित विषयात पीएच. डी. असलेल्यांना पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवर, तर एम. फिल. असलेल्यांना पदवी स्तरावरील अध्यापनासाठी नेटमधून सूट मिळाली. अध्यापिका फक्त पदवी वर्गांना शिकवत होत्या आणि एम. फिल. त्यांच्याकडे १९९४ पासून होती. १९९५ मध्ये अवघ्या चार महिन्यांनी हुकलेली सूट अकरा वर्षांनी दारात आली होती.

महाविद्यालयाने या सुधारणेच्या आधारे प्रस्ताव पाठवला तो जानेवारी २००८ मध्ये. मधले दीड वर्ष का गेले, याचे उत्तर साधे आहे. प्राचार्य बदलले होते, नव्या प्राचार्यांना जुनी फाइल माहीत नव्हती, आणि सुधारणेचे परिपत्रक विद्यापीठाकडून महाविद्यालयात पोहोचले तेव्हा ते ‘नवीन नेमणुका’ या फायलीत लावले गेले. शेजारच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याचा प्रस्ताव मंजूर झाल्याचे कळल्यावर कार्यालयाने शोध घेतला. सहसंचालक कार्यालयाने पहिल्यांदा त्रुटी काढली की सुधारणा नेमणुकीच्या वेळी अस्तित्वात नव्हती. पूर्तता करून प्रस्ताव पुन्हा गेला. तो टेबलावर असतानाच जुलै २००९ ची नियमावली आली. तिने एम. फिल. ची सूट काढून घेतली आणि पीएच. डी. ची सूट २००९ च्या नव्या पीएच. डी. नियमांप्रमाणे मिळवलेल्या पदवीपुरती मर्यादित केली. फाइल ‘सद्यस्थितीत सूट लागू नाही’ असा शेरा घेऊन आली.

या टप्प्यावर महाविद्यालयाच्या मुख्य लिपिकांनी केलेले काम नमूद करण्यासारखे आहे. त्यांनी नवा प्रस्ताव तयार न करता जुन्या प्रस्तावाच्या आवक क्रमांकाची नोंद, त्रुटीचे पत्र आणि पूर्ततेची पोच एकत्र जोडली, आणि विद्यापीठाला विचारले की जून २००६ ते जुलै २००९ या काळात अध्यापिका अर्हताप्राप्त होत्या की नव्हत्या, एवढेच कळवावे. प्रश्न इतका नेमका होता की त्याला टाळणारे उत्तर देता येत नव्हते. विद्यापीठाने २०१० मध्ये लेखी कळवले की सुधारणा अमलात आल्याच्या दिनांकापासून त्या अर्हताप्राप्त समजण्यात येत आहेत. त्याच सुमारास दिल्लीत आयोग आणि केंद्र सरकार यांच्यात याच सवलतींवरून मतभेद चालू होते. जुन्या नियमांनी पदवी घेतलेल्यांची सूट कायम राहावी असे आयोगाचे म्हणणे होते, तर कायद्याच्या कलम २० खाली निर्देश देऊन केंद्राने उलटी भूमिका घेतली होती. २०१५ मध्ये पी. सुशीला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचे निर्देश आणि २००९ ची नियमावली उचलून धरली. नव्या नेमणुकांसंबंधीचा हा वाद आपल्या फायलीपर्यंत पोहोचण्याआधीच विद्यापीठाचे पत्र हाती आले, हे अध्यापिकेचे सुदैव म्हणावे लागेल.

शासन निर्णयानंतर

२०११ मध्ये सहसंचालक कार्यालयाने जून २००६ ही तारीख धरून वेतननिश्चिती केली. आता दुसरा प्रश्न उभा राहिला. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती, त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना होती, म्हणजे ठरावीक निवृत्तिवेतनाऐवजी खात्यात जमा झालेल्या रकमेवर आधारलेली योजना. सेवा जून २००६ पासून धरली, तर १९९३ पासून शिकवणारी अध्यापिका साडेसात महिन्यांच्या फरकाने नव्या योजनेत जाते. कार्यालयाने तसेच केले. १९९३-९४ पासून चालू असलेली भविष्य निर्वाह निधीची कपात थांबवून अंशदान योजनेचे खाते उघडण्यास सांगितले.

अध्यापिकेपुढे दोन पर्याय होते: वेतननिश्चिती स्वीकारून वरिष्ठ श्रेणीचा मार्ग मोकळा करून घ्यायचा, किंवा ती नाकारून मूळ तारखेसाठी भांडायचे. त्यांनी वेतननिश्चिती स्वीकारली, पण सहीच्या वर लिहिले: ‘मूळ नियुक्तीच्या दिनांकापासूनच्या सेवेचा व निवृत्तिवेतनाचा हक्क राखून.’ हे वाक्य संघटनेच्या सल्ल्याने लिहिले होते. या प्रकरणातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता असे मी मानतो, कारण त्याने हाती येणारे सोडले नाही आणि मागचे गमावलेही नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीपासून राज्यातील प्राध्यापकांनी सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि बिगर नेट-सेट अध्यापकांचा प्रश्न या मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मे महिन्यात, उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर, तो मागे घेण्यात आला. त्यानंतर २७ जून २०१३ रोजी शासन निर्णय निघाला. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या सेवा नियमित करण्यात आल्या, पण शासन निर्णयाच्या दिनांकापासून. मागील सेवेचे लाभ त्यात नव्हते. हजारो तास शिकवलेल्या सेवेला त्या एका वाक्याने लाभापुरते शून्य केले, आणि हे अन्यायाचे होते असेच माझे मत आहे. ज्यांची नेमणूक निवड समितीने केली, विद्यापीठाने दरवर्षी मान्य केली आणि पगार शासनाने दिला, त्यांच्या सेवेतील दोषाचा पूर्ण भार त्यांच्यावरच टाकला गेला. निवड करणाऱ्या, मान्यता देणाऱ्या किंवा निर्णय लांबवणाऱ्या कोणालाही त्यातील काही सोसावे लागले नाही. आयोगाने या सर्व काळात कलम १४ चा वापर करून या विद्यापीठाचे अनुदान रोखल्याची नोंद फायलीत कोठेही नाही.

शासन निर्णयामुळे या अध्यापिकेपुढे एक अनपेक्षित धोका आला. सहसंचालक कार्यालयाने विचारणा केली की त्यांची तारीख २००६ ची धरायची की २०१३ ची. दिलासा म्हणून निघालेल्या निर्णयाने आधी मिळालेली सात वर्षे जाण्याची वेळ आली. महाविद्यालयाने उत्तर दिले की शासन निर्णय अर्हता नसलेल्यांसाठी आहे, आणि या अध्यापिका विद्यापीठाच्या २०१० च्या पत्रानुसार २००६ पासून अर्हताप्राप्त आहेत. हा मुद्दा मान्य होण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

निष्पत्ती

२००६ ही तारीख कायम राहिली. तिच्या आधारे ७,००० आणि पुढे ८,००० रुपये श्रेणी वेतनाचे, म्हणजे वरच्या वेतनस्तरांचे, टप्पे मिळाले. सहयोगी प्राध्यापक पद, ज्यासाठी पीएच. डी. आवश्यक होती, ते मिळाले नाही. २०१६ मध्ये त्या इतर अध्यापकांसोबत निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावरील याचिकेत सहभागी झाल्या. याचिकेत त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद म्हणजे १९९३-९४ पासूनच्या भविष्य निर्वाह निधीच्या कपातीचे उतारे, कारण ज्या सेवेला शासनाने सुरुवातीपासून निधीची वर्गणी लावली, ती सेवा निवृत्तिवेतनासाठी अस्तित्वातच नव्हती असे म्हणणे कठीण जाते. २०२२ मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तेव्हा याचिका प्रलंबित होती, आणि अंशदान खात्यातील जमा रकमेवरच त्यांची निवृत्ती सुरू झाली.

कोठे वेगळे वागता आले असते

विद्यापीठाच्या पातळीवर, अट घालायची तर तिला मुदत आणि परिणाम जोडायला हवा होता. ‘दोन वर्षांत पूर्ण न झाल्यास पद पुन्हा जाहीर करण्यात येईल’ असे लिहिले असते, तर ते कठोर वाटले असते, पण त्या कठोरपणात अध्यापिकेचे हित होते. आयोगाकडे शिथिलतेची पूर्वमान्यता मागण्याचा मार्ग नियमातच होता, आणि तो न वापरण्याला कोणतेही समर्थन मला सापडत नाही.

महाविद्यालयाच्या पातळीवर सर्वांत मोठी उणीव नोंदींची होती. १९९५ मध्ये सूट नाकारली गेली तेव्हा प्रबंधिका मुदतीत सादर झाल्याचा दाखला जोडून फेरविचार मागायला हवा होता, कारण विलंब विद्यापीठाच्या परीक्षकांचा होता. २००६ च्या सुधारणेचे परिपत्रक ज्या दिवशी आले त्या दिवशी बिगर नेट-सेट अध्यापकांची यादी समोर ठेवून ते वाचले गेले असते, तर प्रस्ताव २००९ च्या नियमावलीच्या बराच आधी निकाली निघाला असता. आज ज्या महाविद्यालयांत अशी प्रलंबित प्रकरणे आहेत, तेथे आयोगाची प्रत्येक सुधारणा ‘नवीन नेमणुका’ आणि ‘प्रलंबित सेवाप्रश्न’ अशा दोन्ही फायलींत लावण्याची पद्धत ठेवावी. २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठीय विभागांत सहायक प्राध्यापकासाठी पीएच. डी. अनिवार्य केली, ती तारीख १ जुलै २०२१ वरून १ जुलै २०२३ वर नेली, आणि अखेर नेट, सेट किंवा स्लेट (सेटसारखीच राज्यस्तरीय परीक्षा) हीच किमान अर्हता राहिली. तारखा फिरण्याचे हे चक्र थांबलेले नाही.

अध्यापिकेच्या पातळीवर २००० सालीच पीएच. डी. ची नोंदणी करणे हा एकच वेगळा निर्णय मला सुचतो. २००६ च्या सुधारणेच्या वेळी ती पदवी हाती असती, तर पदव्युत्तर अध्यापन आणि सहयोगी प्राध्यापक पद हे दोन्ही मार्ग खुले झाले असते.

आयोगाच्या पातळीवरचा प्रश्न मात्र अजून जागच्या जागी आहे. २०१८ मध्ये केंद्राने आयोगाचा कायदा रद्द करून नवा उच्च शिक्षण आयोग आणण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि त्यात अनुदान वाटपाचे काम नियमनापासून वेगळे काढण्याची कल्पना होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नियमन, मूल्यांकन, अनुदान आणि शैक्षणिक दर्जा यांच्यासाठी स्वतंत्र शाखा सुचवल्या आहेत. अनुदान रोखण्याचे एकमेव साधनही नियमन करणाऱ्याकडून गेले, तर अर्हतेचा नियम मोडून झालेल्या नेमणुकीची जबाबदारी संस्थेवर, विद्यापीठावर आणि वेतन देणाऱ्या राज्यावर कशी व किती मुदतीत निश्चित करायची, हे नव्या कायद्यात स्पष्ट लिहावे लागेल. त्यासाठी किमान दोन तरतुदी हव्यात: सशर्त मान्यता दोन वर्षांपलीकडे नूतनीकृत करता येऊ नये, आणि ती तशी केली गेल्यास सेवा मूळ नियुक्तीच्या दिनांकापासून नियमित समजून वाढीव खर्चाचा वाटा मान्यता देणाऱ्या विद्यापीठाने उचलावा.